अळवावरचे पाणी

पावसाची एक सर येऊन गेली, की परसातल्या अळूकडे जाऊन पाहावे. शेजारच्या जास्वंदीची पाने ओली झालेली असतात, त्यांच्यावर पाण्याचा पातळ थर पसरलेला असतो. अळूचे पान मात्र कोरडे असते. पानाच्या खळग्यात पाण्याचा एखादा टपोरा मणी तेवढा साचलेला दिसतो. देठाला जरा हात लागला, की हा मणी पाऱ्यासारखा घरंगळतो आणि मागे ओलाव्याची खूणही ठेवत नाही. 'अळवावरचे पाणी' हा वाक्प्रचार आपल्याकडे क्षणभंगुरतेसाठी वापरतात. म्हणजे वाक्प्रचाराने पाण्याकडे पाहिले. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात कमळाच्या पानाची उपमा आली आहे, तेथे लक्ष पाण्यात राहूनही न भिजणाऱ्या पानाकडे आहे. विज्ञानालाही अखेर पानाकडेच पाहावे लागले.

'अळूच्या पानाला पाणी का चिकटत नाही?' हा प्रश्न आम्ही शिक्षकमित्रांना अनेकदा विचारला आहे. बहुधा दोन उत्तरे मिळतात. एक, पान गुळगुळीत असते म्हणून. दोन, पानावर मेणाचा थर असतो म्हणून. यांतले पहिले उत्तर साफ चूक आहे आणि दुसरे अर्धेच बरोबर आहे. उरलेले अर्धे उत्तर मिळवायला सुमारे दोन शतके लागली. एक डॉक्टर, लोकरीवर काम करणारे दोन संशोधक आणि पाने पुसून कंटाळलेला एक वनस्पतिशास्त्रज्ञ अशा वेगवेगळ्या लोकांचे हात त्याला लागले. त्याची ही हकिकत.

थेंब आणि कोन

सुरुवात लंडनमध्ये होते. थॉमस यंग हे पेशाने डॉक्टर होते. प्रकाशाच्या व्यतिकरणाचा त्यांचा प्रयोग आपण अकरावी-बारावीला शिकवतो. १८०५ साली त्यांनी द्रवांच्या चिकटण्याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. पृष्ठभागावर ठेवलेला थेंब त्या पृष्ठभागाशी एक ठरावीक कोन करतो, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. आज आपण याला स्पर्शकोन म्हणतो. पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ असते, तशीच ती खालच्या पदार्थाचीही असते. खालची ओढ जास्त असेल तर थेंब पसरतो आणि कोन लहान होतो. आपापसांतली ओढ वरचढ ठरली, तर थेंब स्वतःला गोळा करून घेतो आणि कोन मोठा होतो. गंमत म्हणजे यंग यांनी आपल्या निबंधात हे सारे शब्दांतच मांडले. आज त्यांच्या नावाने ओळखले जाणारे समीकरण नंतरच्या लोकांनी लिहिले.

स्वच्छ काचेवर हा कोन जवळजवळ शून्य असतो. सपाट मेणावर तो १०५ ते ११० अंशांच्या घरात जातो. आता अळूच्या पानावर मोजला तर तो १६० अंशांच्या आसपास भरतो! म्हणजे थेंब जवळजवळ पूर्ण चेंडूच झालेला असतो. येथेच 'मेणाचा थर' हे उत्तर अपुरे पडते. मेणाने ११० अंशांपर्यंत मजल मारली, पण उरलेले ५० अंश आले कोठून? मेणापेक्षा प्रभावी रसायन असेल, असे म्हणावे तर तेही जमत नाही. फ्लोरीनयुक्त रसायने पाण्याला सर्वांत जास्त झिडकारतात, पण अगदी सपाट पृष्ठभागावर त्यांचा कोनही १२० अंशांच्या पलीकडे जात नाही. पानाजवळ तर साधे मेणच आहे.

पानावरचे हे मेण शास्त्रज्ञांना ठाऊक होते. अँटोन द बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८७१ सालीच वेगवेगळ्या वनस्पतींवरच्या मेणाच्या थरांचे वर्णन करून त्यांची वर्गवारी केली होती. कोठे कण, कोठे काड्या, कोठे सलग पापुद्रा असे प्रकार त्यांनी साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहून नोंदले. मात्र त्या मेणाच्या आकाराचा आणि थेंबाच्या कोनाचा संबंध जोडणारे गणित तेव्हा कोणाजवळ नव्हते.

लोकर, बदक आणि हवा

ते गणित आले कापडाच्या अभ्यासातून. कापड म्हणजे सपाट पृष्ठभाग नव्हे. त्यात धागे असतात आणि धाग्यांमध्ये फटी असतात. अशा खडबडीत पृष्ठभागावर यंग यांचा कोन जसाच्या तसा लागू पडत नाही. १९३६ साली अमेरिकेत रॉबर्ट वेन्झेल यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. खडबडीत पृष्ठभागाचे खरे क्षेत्रफळ दिसते त्यापेक्षा जास्त असते. त्यामुळे पृष्ठभागाचा जो मूळ स्वभाव असेल तो वाढतो. भिजणारा पदार्थ खडबडीत केला की अधिक भिजतो आणि न भिजणारा पदार्थ पाण्याला अधिकच दूर सारतो.

पुढचे पाऊल १९४४ साली पडले. इंग्लंडमधील लीड्स येथे लोकर उद्योगाची एक संशोधन संस्था होती. तेथे काम करणाऱ्या कॅसी आणि बॅक्स्टर यांनी सच्छिद्र पृष्ठभागांच्या भिजण्यावर एक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की खडबडीतपणा पुरेसा असेल तर पाणी खळग्यांत उतरतच नाही. ते उंचवट्यांच्या टोकांवर टेकून राहते आणि खाली हवा अडकून राहते. म्हणजे थेंबाच्या खाली थोडा पदार्थ आणि बरीचशी हवा असते. हवेला पाणी चिकटण्याचा प्रश्नच नाही. कपड्याच्या ब्रशवर फुगा ठेवून पाहा. फुगा फक्त केसांच्या टोकांना टेकतो. थेंबाचे तसेच होते.

थेंबाखाली पदार्थ किती आणि हवा किती, हेही काढता येते. पदार्थाला टेकलेला भाग 'फ' मानला, तर कॅसी-बॅक्स्टर यांचे सूत्र असे मांडता येईल: खडबडीत पृष्ठभागावरील कोनाची कोज्या = फ × (सपाट पृष्ठभागावरील कोनाची कोज्या + १) − १. सपाट मेणाचा कोन १०५ अंश धरू. त्याची कोज्या −०.२६ येते. पानावरचा कोन १६० अंश, त्याची कोज्या −०.९४. या किमती सूत्रात घातल्या की 'फ' सुमारे ०.०८ येतो. म्हणजे थेंबाच्या बुडाचा शंभरातला जेमतेम आठ भाग पानाला टेकलेला असतो आणि बाकी सारी हवा! दहावीच्या त्रिकोणमितीपर्यंत आलेल्या विद्यार्थ्याला हे उदाहरण सहज सोडवता येईल.

याच दोघांनी बदकाच्या पिसांचाही विचार केला. बदक शेपटीजवळच्या ग्रंथीतले तेल चोचीने पिसांना लावते, म्हणून त्याची पिसे भिजत नाहीत, असा सर्वसाधारण समज होता आणि आजही आहे. कॅसी आणि बॅक्स्टर यांनी पिसांच्या तंतूंची जाडी आणि त्यांच्यामधले अंतर लक्षात घेतले. पिसांची विणच अशी आहे, की साध्या तेलकटपणानेही काम भागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. बदकासारखा न भिजणारा कपडा हवा असेल तर अधिक प्रभावी रसायन शोधत बसण्यापेक्षा योग्य विणीचा शोध घ्यावा, असा त्याचा रोख होता. १९४५ साली त्यांनी वनस्पती आणि प्राणी यांच्या पृष्ठभागांवरील मोठ्या स्पर्शकोनांबद्दल 'नेचर' या नियतकालिकात एक टिपणही लिहिले.

रसायन की रचना, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे १९४५ सालीच हाती आले होते. पुढे काय झाले ते मात्र विचार करायला लावणारे आहे.

सोपी वाट

उद्योगांनी रसायनाची वाट धरली. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना योगायोगाने टेफ्लॉन सापडले होते. १९५३ साली थ्रीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत फ्लोरीनयुक्त रसायनाचे काही थेंब एका सहायकाच्या कापडी बुटावर सांडले. तो डाग काही केल्या निघेना आणि बुटाच्या तेवढ्या भागाला पाणीही लागेना. पॅट्सी शर्मन आणि सॅम्युएल स्मिथ या रसायनतज्ज्ञांनी त्याचा पाठपुरावा केला. त्यातून आलेले 'स्कॉचगार्ड' १९५६ साली बाजारात उतरले. कापडाची वीण बदलण्यापेक्षा त्यावर फवारा मारणे सोपे होते. पावसाळी कोट, गालिचे, खाद्यपदार्थांचे कागद, साऱ्यांवर या घराण्यातली रसायने बसू लागली.

शेतीचा अभ्यास करणाऱ्यांना तर पानाचा हा गुण अडचणीचाच वाटत होता. कोबीवर औषध फवारले की ते ओघळून खाली जाते. म्हणून शेतकरी फवारणीच्या पाण्यात चिकटद्रव्य, म्हणजे आपले 'स्टिकर', मिसळतो. पाणी पानावर टिकवायचे कसे, याची चिंता असताना ते का टिकत नाही, याचे कौतुक कोण करणार?

न पुसावी लागणारी पाने

१९६५ साली केंब्रिजमधील एका कंपनीने क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक विक्रीला आणला. चार्ल्स ओटली आणि त्यांचे विद्यार्थी यांच्या अनेक वर्षांच्या कष्टांचे ते फळ होते. पृष्ठभागाचे चढउतार या यंत्रात डोंगरदऱ्यांसारखे स्पष्ट दिसत. वनस्पतिशास्त्रज्ञांना त्याचा मोठा मोह पडला नसता तरच नवल.

विल्हेल्म बार्थलॉट हे अशा तरुण संशोधकांपैकी एक. १९७० च्या दशकात जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ते हजारो वनस्पतींच्या पृष्ठभागांची चित्रे घेत होते. हेतू वर्गीकरणाचा होता, पाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली धुळीचा एक कणही धोंड्याएवढा दिसतो. म्हणून पाने आधी स्वच्छ करावी लागत. हे काम कंटाळवाणे होते. हळूहळू बार्थलॉट यांच्या ध्यानात आले, की गुळगुळीत पाने दर वेळी धुवावी लागतात, पण ज्या पानांवर मेणाच्या स्फटिकांचा खडबडीत थर आहे, ती मात्र मुळातच स्वच्छ असतात.

येथे क्षणभर थांबायला हवे. गुळगुळीत ते स्वच्छ आणि खडबडीत ते मळकट, हा आपला रोजचा अनुभव आहे. घरातली फरशी गुळगुळीत असावी असे आपल्याला वाटते ते याच कारणाने. पाने याच्या नेमके उलट सांगत होती. पाने पुसण्याचे काम अनेक प्रयोगशाळांमध्ये चालले होते. हा उलटा अनुभव इतरांनाही आला असणार. बार्थलॉट यांनी तो बाजूला सारला नाही. १९७७ साली एहलर यांच्याबरोबर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी त्याची नोंद केली. पण ती वनस्पतींच्या वर्गीकरणाच्या ग्रंथात! भौतिकशास्त्राचे लोक ती वाचणार कशी? कॅसी-बॅक्स्टर यांचे गणित एका कपाटात आणि बार्थलॉट यांचे निरीक्षण दुसऱ्या कपाटात, अशी स्थिती बरीच वर्षे राहिली.

आठ वनस्पतींची परीक्षा

१९९७ साली बॉन विद्यापीठातून बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांचा लेख 'प्लांटा' या नियतकालिकात आला. त्यांनी आठ वनस्पती निवडल्या होत्या. चार गुळगुळीत पानांच्या: बीच, ग्नेटम, हेलिकोनिया आणि मॅग्नोलिया. चार खडबडीत: कमळ, कोबीच्या जातीची वनस्पती, म्युटिसिया नावाची वेल आणि आपला अळू! होय, ज्या प्रयोगाला जगभर कमळाचे नाव मिळाले, त्यात अळूही कमळाच्या शेजारीच बसला होता. दोघांचेही स्पर्शकोन १६० अंशांच्या जवळ आले. मॅग्नोलियाचा कोन ८९ अंशांच्या आसपास, बीचचा ७२, तर आपल्या बागांत दिसणाऱ्या हेलिकोनियाचा केवळ २८ अंश होता.

या पानांवर निरनिराळ्या प्रकारची धूळ मुद्दाम टाकली गेली. मग कधी तुषारांनी तर कधी कृत्रिम धुक्याने ती भिजवली. खडबडीत, न भिजणाऱ्या पानांवरची धूळ घरंगळणाऱ्या थेंबांबरोबर पूर्णपणे निघून गेली. कण मोठे की लहान, कोणत्या पदार्थाचे, याने फरक पडला नाही. सुदान-३ नावाची पूड तर पाण्यात न विरघळणारी, तेलाशी सख्य असलेली. अळूच्या पानावर टाकलेली ही पूडही थेंबाने आपल्या अंगावर चिकटवून नेली.

याचे कारण कॅसी-बॅक्स्टर यांच्या चित्रातच आहे. कमळाच्या पानावर दर दहा-वीस मायक्रॉनवर एकेक उंचवटा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या प्रत्येक उंचवट्यावर पुन्हा मेणाच्या नळ्यांचे रान माजलेले असते. एकेक नळी जाडीला मायक्रॉनच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढी. टेकड्यांवर झुडपे, असा हा दुहेरी खडबडीतपणा आहे. धुळीचा कण झुडपांच्या शेंड्यांवर टेकलेला असतो, त्याची पानाशी पकड अगदी ढिली असते. थेंबाशी त्याचा संपर्क जास्त येतो, म्हणून तो थेंबाबरोबर जातो. गुळगुळीत पानावर पाणी कणावरून वाहून जाते आणि कण थोडासा सरकून तेथेच बसतो.

वनस्पतीला याचा उपयोग काय? बुरशीचे बीजाणू रुजायला ओलावा लागतो. जे पान भिजत नाही आणि बीजाणूही टिकू देत नाही, ते रोगांपासून बरेच सुरक्षित राहते. कमळाची श्वसनरंध्रे पानाच्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळे ती बाजू कोरडी राहणे त्याला अधिकच गरजेचे आहे.

पानापासून भिंतीपर्यंत

बार्थलॉट यांनी १९९४ सालीच स्वतः स्वच्छ होणाऱ्या पृष्ठभागांसाठी पेटंटचा अर्ज केला होता. उद्योगपतींना पटवण्यासाठी त्यांनी एक चमचा तयार करवून घेतला. त्यातून मध ओतला की चमच्याला थेंबभरही चिकटत नसे! १९९९ साली 'लोटुसान' नावाचा इमारतींच्या बाहेरील भिंतींचा रंग जर्मनीत बाजारात आला.

दरम्यान, १९९६ साली जपानमधील काओ कंपनीच्या संशोधकांनी रचनेचे महत्त्व अगदी निखळपणे सिद्ध केले. त्यांनी कागद उद्योगात वापरले जाणारे एक मेण घेतले. ते सपाट असताना कोन १०९ अंश होता. तेच मेण सर्व आकारांचे खडबडीतपण येईल अशा रीतीने गोठवले, तेव्हा कोन १७४ अंशांवर गेला. रसायन एकच, बदलला तो फक्त आकार.

मग पानाफुलांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. २००२ साली चिनी संशोधकांनी दाखवले, की भाताच्या पानावर उंचवटे लांबीच्या दिशेने ओळीने असतात, म्हणून थेंब त्या दिशेने सहज घरंगळतो आणि आडवा सहजी जात नाही. २००८ साली गुलाबाच्या पाकळीचा उलगडा झाला. तेथेही थेंब गोल असतो, पण पाणी मोठ्या खळग्यांत शिरत असल्याने पाकळी उलटी केली तरी तो पडत नाही. म्हणजे कोन मोठा असणे आणि थेंब घरंगळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उशिरा आलेले बिल

रसायनाच्या वाटेचे बिल याच सुमारास हाती पडले. फ्लोरीन आणि कार्बन यांचा बंध अतिशय बळकट असतो. या रसायनांचा गुण तोच आणि दोषही तोच. ती निसर्गात विघटित होत नाहीत. पाण्यात, मातीत, प्राण्यांत आणि माणसांच्या रक्तात ती सापडू लागली. २००० साली थ्रीएम कंपनीने पीएफओएस या रसायनावर आधारलेले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. चिवट प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत २००९ साली पीएफओएस, २०१९ साली पीएफओए आणि २०२२ साली पीएफएचएक्सएस यांचा समावेश झाला. साध्या मेणावर काम भागवणाऱ्या पानाकडे आणि बदकाकडे आपण १९४५ साली नीट पाहिले असते, तर यातले किती टळले असते, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही.

अर्थात रचनेची वाटही निर्वेध नाही. सूक्ष्म उंचवटे घासले की मोडतात. साबण आणि तेल त्यांना निष्प्रभ करतात. पान झिजलेले मेण पुन्हा तयार करते, भिंतीला ते जमत नाही. म्हणून आज संशोधकांचे लक्ष टिकाऊपणाकडे आहे. २०११ साली हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी तर घटपर्णीच्या निसरड्या काठावरून वेगळीच युक्ती उचलली. त्यांनी सच्छिद्र पदार्थात हवेऐवजी एक वंगणासारखा द्रव अडकवला. त्यावरून पाणी आणि तेल दोन्ही घसरतात. ओरखडा पडला तर द्रव वाहून तो भरून काढतो.

वर्गात करून पाहा

हे सारे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. अळूचे एक पान आणा (चिकाने खाज सुटते, देठ जपून धरा). ते पाण्यात बुडवून तिरके धरा. पान चांदीसारखे चमकेल. ही चमक अडकलेल्या हवेच्या थराची आहे, प्रकाशाचे पूर्ण आंतरिक परावर्तन तेथे होते. पान बाहेर काढा, ते कोरडेच निघेल. आता खडूची पूड अळूच्या आणि रबराच्या झाडाच्या पानावर भुरभुरवा, पाने तिरकी धरून थेंब सोडा आणि फरक पाहा. मग अळूच्या पानाचा एक कोपरा बोटाने जोराने चोळा. पाणी तेथे अडखळू लागेल. शेवटी काचेची पट्टी मेणबत्तीच्या ज्योतीत धरून काजळी जमवा आणि गार झाल्यावर तीवर थेंब सोडा. थेंब अळवावरल्यासारखाच घरंगळेल, पण जाताना काजळीही घेऊन जाईल. सूक्ष्म रचनेची किमया आणि तिचा नाजूकपणा, दोन्ही एकाच काचेवर दिसतील.

'पानावर मेणाचा थर असतो म्हणून' एवढ्या उत्तराला आपण पूर्ण गुण देतो. ते उत्तर ऐकलेला विद्यार्थी उद्या न भिजणारे कापड करायला बसला, तर नवे रसायनच शोधत जाईल. 'मेण कसे रचले आहे?' हा पुढचा प्रश्न आपण विचारला, तर तो आधी वीण तपासेल. पानाला टेकलेले ते आठ टक्के त्याला मेणाने शिकवलेले असतील, उरलेल्या ब्याण्णव टक्क्यांत मात्र हवाच आहे आणि ती अडकवून ठेवण्याची युक्ती अळूपाशी आहे.